अर्ध्या सोन्याचा हिशेब

ऋतुजा भोसलेचे सुवर्णपदक पूर्ण नाही, असे एक मत आमच्या दीक्षितपुऱ्यात चांगलेच रुजले आहे. या मताचे मूळ धनी आमच्याच गल्लीतले एक निवृत्त काका. त्यांचा हिशेब त्यांच्या सगळ्या हिशेबांसारखाच नेटका असतो. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या एशियाडमध्ये ऋतुजाने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. मिश्र दुहेरी म्हटली की जोडीदार आला. जोडीदार रोहन बोपण्णा, तेव्हा निम्मे त्याचे. उरलेल्या निम्म्यातून पुन्हा निम्मे वजा, कारण एशियाडला युरोप-अमेरिका येत नाहीत. हाती राहिले पाव. हा भागाकार काका लग्नाच्या पंगतीत करून दाखवतात, गणपतीच्या मांडवातही करून दाखवतात, आणि जबलपूरची मराठी मंडळी खोव्याच्या जिलेबीचा तुकडा मोडता मोडता माना डोलावतात.

माझा आक्षेप काकांपेक्षा या डोलणाऱ्या मानांना जास्त आहे. काकांचे टेनिसचे ज्ञान माझ्याहून मोठे. छावणीतल्या क्लबाच्या कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी खेळ पाहिला, रात्र रात्र रेडिओला कान लावून विंबल्डनचे निकाल ऐकले. म्हणून तर त्यांचे बोलणे प्रमाण मानले जाते आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवे. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची, आम्ही महाकोशलातले; तिच्या पदकावर आमचा हक्क तसा उसनाच. पण उसने घेतलेले निदान पुरे मोजून घ्यावे.

काकांच्या मताचा पाया असा की टेनिस हा चार ग्रँड स्लॅमांचा खेळ. ऑलिंपिकमध्ये तो पाहुणा आणि एशियाडमध्ये आगंतुक. पाहुणा? 1896 साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा एकूण नऊ खेळ होते आणि त्यांत टेनिस होते. हॉकी 1908 मध्ये आली, बॅडमिंटन तर थेट 1992 मध्ये. त्या पहिल्या स्पर्धेचा विजेता जॉन पायस बोलंड हा ऑक्सफर्डचा आयरिश विद्यार्थी. तो गेला होता प्रेक्षक म्हणून. ग्रीक मित्राने नाव नोंदवले म्हणून खेळला आणि एकेरी जिंकून बसला. दुहेरीही जिंकला, तीसुद्धा फ्रिट्झ ट्राउन नावाच्या जर्मन जोडीदाराबरोबर. म्हणजे दोन देशांचे दोघे मिळून ऑलिंपिकची पहिली दुहेरी जिंकले आणि इतिहासाने त्या विजेतेपदाचे तुकडे केले नाहीत. चार वर्षांनी पॅरिसला शार्लट कूपर एकेरी जिंकली. वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक विजेती ठरलेली ती पहिली स्त्री, आणि तिचा खेळ टेनिस. या खेळाला ऑलिंपिकच्या घरात पाहुणा म्हणायचे असेल, तर घरमालक कोण ते काकांनी सांगावे.

मध्ये खंड पडला, हे मान्य. 1924 च्या पॅरिसनंतर टेनिस बाहेर गेले. हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे आणि स्पर्धेच्या आयोजनात टेनिस महासंघाचा शब्द किती चालायचा, यावरून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीशी बिनसले होते. भांडण संघटनांचे होते. खेळ कमअस्सल म्हणून त्याला कोणी हाकलले नव्हते. 1968 आणि 1984 मध्ये प्रदर्शनी स्पर्धा झाल्या आणि 1988 च्या सोलमध्ये टेनिस परतले. ते परतले तेव्हा स्टेफी ग्राफने त्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅम जिंकून वर ऑलिंपिकचे सुवर्ण घेतले.

त्या 1924 च्या पॅरिसमध्ये भारताचा टेनिस संघ होता, हे दीक्षितपुऱ्यात फारसे कोणाला ठाऊक नाही. मोहम्मद सलीम, सिडनी जेकब, अथर अली फैजी, सय्यद मोहम्मद हादी आणि नोरा पॉली. जेकब उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले आणि जाँ बोरोत्राकडून हरले. बोरोत्रा पुढे फ्रान्सच्या चार मातब्बरांत गणला गेला. हादी म्हणजे दहा वर्षांनी रणजी करंडकातले पहिले शतक ठोकणारे हैदराबादचे हादी. आणि भारतीय खेळाडू ऑलिंपिकला जाऊ लागले त्याच्या मुळाशी पुण्याचा डेक्कन जिमखाना होता. तिथले खेळाडू पाहून दोराबजी टाटांनी 1920 च्या अँटवर्पला संघ पाठवण्याची खटपट केली. त्यात चौगुले, दातार हे धावपटू आणि रणधीर शिंदे, कुमार नवले हे मल्ल होते. आज त्याच जिमखान्याची ओळख टेनिसच्या कोर्टांमुळे आहे. मराठी माणसाने तरी टेनिस आणि ऑलिंपिक यांच्यात सोयरसुतक नाही असे म्हणू नये.

यावर काकांचे उत्तर तयार असते: खेळले असतील, पण जिंकले कोण? मार्क रोसे, निकोलस मासू, मोनिका पुइग! एकेरीचा ग्रँड स्लॅम ज्यांना कधी साधला नाही त्यांच्या गळ्यात सोने. ही तीन नावे काका तीन बोटांवर मोजतात आणि उरलेली बोटे मिटून घेतात. मिटलेल्या बोटांवरची नावे मी वाचतो. आगासी, डेव्हनपोर्ट, काफेल्निकोव्ह, व्हीनस विल्यम्स, एनँ, नदाल, सेरेना, दोनदा अँडी मरे, आणि 2024 मध्ये जोकोविच. त्या जोकोविचचे काय झाले ते काकांनी टीव्हीवर पाहिले आहे. 24 ग्रँड स्लॅम गाठीशी असलेला 37 वर्षांचा माणूस पाचव्या ऑलिंपिकमध्ये अल्कराझला दोन टायब्रेकरांत हरवतो आणि मातीत बसून हुंदके देतो. त्या स्पर्धेत क्रमवारीचे गुण नव्हते, टेनिसच्या नेहमीच्या स्पर्धांसारखी बक्षिसाची रक्कम नव्हती. ज्याला टेनिसने सगळे काही दिले त्याला या एका पदकासाठी रडू फुटते, आणि आमच्या गल्लीत त्या पदकाची किंमत लावली जाते ती टक्क्यांत.

राहिली ती तीन नावे. खुल्या स्पर्धेत अधूनमधून अनपेक्षित माणूस जिंकतो, त्यालाच स्पर्धा म्हणतात. विंबल्डननेही हे पाहिले आहे. पुइगचे सुवर्ण पोर्तो रिकोचे ऑलिंपिकमधले पहिले. आणि मासू हे नाव काकांनी घ्यायलाच नको होते. 2004 च्या अथेन्समध्ये मासू आणि फर्नांडो गोन्झालेस यांनी दुहेरी जिंकली आणि लगोलग मासूने एकेरीही. चिलीला ऑलिंपिकमधले पहिलेवहिले सुवर्ण मिळाले ते दुहेरीचे. त्या देशाने ते अर्धे धरून उरलेल्या अर्ध्याची वाट पाहिली नाही.

काकांचे दैवत रॉजर फेडरर. फेडररकडे ऑलिंपिकचे एकेरीचे सुवर्ण नाही. 2012 मध्ये अंतिम सामन्यात मरेने त्याला विंबल्डनच्या हिरवळीवरच हरवले. त्याच्याकडे एकच ऑलिंपिक सुवर्ण आहे, 2008 च्या बीजिंगमधले, दुहेरीचे, स्टॅन वावरिंकाबरोबर. उपांत्य सामन्यात ब्रायन बंधूंना हरवल्यावर फेडरर कोर्टवर पडलेल्या वावरिंकाच्या अंगावर हात धरून शेकोटीसारखे शेकू लागला होता. इतका आनंद त्याने क्वचित दाखवला असेल. त्या जोडीने उपांत्यपूर्व फेरीत कोणाला हरवले होते? लिअँडर पेस आणि महेश भूपती यांना. काका, तो निकाल तुम्ही मला स्वतः सांगितला होता, हळहळत. तेव्हा तुम्ही फेडररचे सोने निम्मे केले नव्हते.

आता एशियाड. इथे काकांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. युरोप-अमेरिका नाहीत, आशियातलेही काही बडे खेळाडू वेळापत्रक पाहून एशियाड टाळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण "कमकुवत" म्हणजे किती कमकुवत? हांगझोऊमध्ये महिला एकेरी जिंकली चीनच्या झेंग चिनवेनने. दहा महिन्यांनी, 3 ऑगस्ट 2024 रोजी, तिनेच रोलाँ गारोच्या मातीवर ऑलिंपिकचे एकेरीचे सुवर्ण घेतले, तेही उपांत्य फेरीत त्या मातीची राणी इगा श्विऑनटेक हिला हरवून. हांगझोऊचा पुरुष एकेरी विजेता झांग झिझेन पॅरिसहून मिश्र दुहेरीचे रौप्य घेऊन परतला. 2010 च्या ग्वांगझोऊत सोमदेव देववर्मनने एकेरीच्या अंतिम सामन्यात डेनिस इस्तोमिनला 6-1, 6-2 असे झोडपले. त्याच इस्तोमिनने 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचला घरी पाठवले. 2006 च्या दोहात सानिया मिर्झा एकेरीचा अंतिम सामना हरली ती झेंग जिएकडून, जिने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन आणि विंबल्डन अशा दोन्ही दुहेरी जिंकल्या होत्या. हा गल्लीतला गणेशोत्सव चषक नाही.

आणि मुळात एशियाडचे सोने अर्धे मोजायचे, तर एकट्या टेनिसमध्येच का? कबड्डीचे किती? तिथे तर युरोपच काय, अर्धा आशियाही नसायचा. दीक्षितपुऱ्यात कबड्डीच्या सुवर्णाला भागाकार लावून पाहावा आणि मग मोहल्ला कसा अंगावर येतो ते अनुभवावे.

खरा वाद मात्र दुहेरीचा आहे. काकांच्या मते दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय. हे मत फक्त काकांचे नाही; टेनिस पाहणाऱ्या बऱ्याच मोठ्या वर्गाचे आहे, आणि त्याची परीक्षा अगदी अलीकडे, जगासमोर, भरपूर पैसे लावून झाली. 2025 च्या अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरीचे रूपच बदलले. दहा लाख डॉलरचे बक्षीस ठेवले आणि एकेरीतले तारे बोलावले: अल्कराझ, जोकोविच, सिनर, श्विऑनटेक. दुहेरीच्या नेहमीच्या जोड्यांना जवळजवळ दारच बंद. आधीच्या वर्षीचे विजेते म्हणून सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी यांना जागा मिळाली, आणि जिंकले तेच. अंतिम सामन्यात त्यांनी श्विऑनटेक आणि कॅस्पर रूड यांना हरवले. दुहेरी ही एकेरीच्या खेळाडूंनी सुट्टीच्या दिवशी खेळायची गंमत असती, तर निकाल उलटा लागला असता.

जे खेळतात त्यांना हे सांगावे लागत नाही. एकेरीत सर्व्हिसचा परतावा प्रतिस्पर्ध्यापासून दूर, खोल टाकला की भागते. दुहेरीत समोर नेटवर एक जण टपलेला असतो. चेंडू त्याच्या आवाक्याबाहेरून आणि तरीही पुढे सरसावणाऱ्या सर्व्हरच्या पायांत पडेल असा मारावा लागतो. नेटवरच्या जोडीदाराने पाठीमागे बोटांनी केलेली खूण ओळखून सर्व्हिस ठरते. व्हॉलीला हात मागे न्यायलाही वेळ नसतो. ही कसबे वेगळी आहेत आणि ती शिकायला वर्षे लागतात. धावण्यातही शंभर मीटर आणि रिले वेगळे असतात. रिलेतल्या चौघांच्या पदकाचे पाव पाव कोणी करत नाही.

जबलपूरकर म्हणून तर आपल्याला हा भागाकार मुळीच शोभत नाही. रूपसिंग या गावात जन्मले, 1908 साली. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. लॉस एंजेलिसला 1932 मध्ये अमेरिकेविरुद्ध 24-1 असा सामना झाला त्यात दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. त्यांच्या सुवर्णाला आपण अकराने भागले का? 2018 च्या जाकार्ता एशियाडमध्ये आपल्या मुस्कान किरारने कंपाउंड तिरंदाजीत रौप्य आणले, मधुमिता कुमारी आणि ज्योती सुरेखा यांच्यासह, सांघिक. काकांनी तेव्हा कौतुकच केले होते. तिने एक तृतीयांश रौप्य आणले असे ते म्हणाल्याचे मला स्मरत नाही. आणि काकांचा सर्वांत लाडका किस्सा कोणता? स्नूकर हा खेळ 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, हा. किस्सा खरा आहे, आपल्या गावाचा मान आहे. आता त्या स्नूकरचे एशियाडमधले भारताचे सुवर्ण पाहा: 1998 च्या बँकॉकमध्ये यासीन मर्चंट आणि रफत हबीब. दुहेरी!

"बोपण्णाने ओढून नेले," हा काकांचा हुकमी पत्ता. टेनिसचे नियम माहीत असलेल्या माणसाने हे म्हणावे याचे मला नवल वाटते. मिश्र दुहेरीत जोडीदाराला लपवायला जागाच नसते. उलट समोरची जोडी जी बाजू कच्ची वाटेल तिथेच मारा करते. अंतिम सामना तैपेईच्या हुआंग त्सुंग-हाओ आणि लिआंग एन-शुओ यांच्याशी होता. पहिला सेट 2-6 गेला, दुसरा 6-3 घेतला आणि तिसऱ्याऐवजीचा दहा गुणांचा टायब्रेकर 10-4 असा जिंकला. त्या टायब्रेकरचे 14 गुण नियमाने मांडून बघू. पहिल्या गुणानंतर दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलते आणि चौघे आळीपाळीने सर्व्हिस करतात. 14 गुणांत प्रत्येकाच्या वाट्याला तीन किंवा चार सर्व्हिस येतात. समोरच्यांच्या सात सर्व्हिसपैकी तीन किंवा चार परत करायची पाळीही तिचीच. म्हणजे 14 पैकी किमान सहा गुणांचा पहिला किंवा दुसरा फटका ऋतुजाच्या रॅकेटमधून निघणे नियमानेच बांधलेले. उरलेल्या गुणांतही ती बाकावर बसलेली नव्हती. यातले बहुतेक गुण तिने गमावले असते, तर 10-4 हा आकडा दिसला नसता. त्याआधी उपांत्य सामन्यातही हेच: 6-1, 3-6, 10-4. समोर ह्सू यू-ह्सिओ आणि चान हाओ-चिंग. चान हाओ-चिंग म्हणजे 2014 च्या एशियाडमध्ये याच प्रकारात रौप्य मिळवलेली, ग्रँड स्लॅमच्या दुहेरीत वर्षानुवर्षे मुरलेली खेळाडू.

आणखी एक गोष्ट काका सोयीने विसरतात. त्याच हांगझोऊमध्ये बोपण्णा पुरुष दुहेरीही खेळला, युकी भांब्रीबरोबर. ती जोडी सुवर्णाची दावेदार होती. उझबेकिस्तानच्या सर्गेई फोमीन आणि हुमायून सुल्तानोव यांनी तिला सुरुवातीलाच बाहेर काढले. बोपण्णा जोडीदाराला खांद्यावर घेऊन सुवर्णापर्यंत नेऊ शकतो असे असेल, तर भांब्रीला का नेले नाही? भांब्री एकेरीत एके काळी जगातल्या पहिल्या शंभरांत होता. एकाच स्पर्धेत, त्याच 43 वर्षांच्या बोपण्णाबरोबर, एक जोडी लवकर गारद झाली आणि दुसरीने सुवर्ण जिंकले. दोन्ही जोड्यांत बोपण्णा समान. फरक कुठे पडला हे शोधायला गणिताची पदवी लागत नाही.

पुरुष ओढतो आणि बाई ओढली जाते, हे सूत्रही काही सनातन नाही. 1924 च्या पॅरिसमध्ये मिश्र दुहेरी अमेरिकेच्या रिचर्ड नॉरिस विल्यम्स आणि हेझल वाइटमन यांनी जिंकली. विल्यम्स टायटॅनिकमधून वाचलेला. गोठलेले पाय कापावेत असे डॉक्टरांचे मत पडले असता त्याने नकार दिलेला. पॅरिसमध्ये त्याचा घोटा दुखावला. सांगतात की 37 वर्षांच्या वाइटमनबाईंनी त्याला नेटजवळ उभे राहायला सांगितले आणि मागचे सगळे कोर्ट स्वतः धावून सांभाळले. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरी पुन्हा दिसायला 2012 साल उजाडावे लागले.

ऋतुजाच्या आधी हाच शेरा गौरव नाटेकरांच्या वाट्याला आला आहे. 1994 चे हिरोशिमा. पुरुष दुहेरीचे सुवर्ण पेस-नाटेकर यांचे, आणि सांघिक सुवर्णातही नाटेकर. "लिअँडरबरोबर कोणीही जिंकला असता," असे काका म्हणतात. पण कोणता लिअँडर? अटलांटाचे कांस्य 1996 चे. त्याचे दुहेरीतले पहिले ग्रँड स्लॅम 1999 चे. 1994 मधला लिअँडर विंबल्डनची मुलांची स्पर्धा जिंकलेला, डेव्हिस चषकात चमकलेला, 21 वर्षांचा गुणी पोरगा होता. नंतरची कीर्ती उचलून मागे नेऊन ठेवायची आणि तिच्या उजेडात जोडीदाराला अंधारात ढकलायचे, ही इतिहास वाचायची रीत झाली का? आणि त्या सुवर्णांचे वजन तेव्हा किती होते हेही पाहावे. 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये अख्ख्या भारताला एकच सुवर्ण मिळाले होते, कबड्डीचे. हिरोशिमात चार मिळाली: एक कबड्डीचे, एक जसपाल राणाचे नेमबाजीतले आणि दोन टेनिसची. देशाच्या चारपैकी दोन सुवर्णांवर सांगलीच्या नंदू नाटेकरांच्या मुलाचे नाव आहे. बॅडमिंटनमधले वडील सर्वांना आठवतात. टेनिसमधला मुलगा आपण दुहेरीच्या खात्यात टाकून विसरलो.

काकांना एक गोष्ट मात्र मी बिनशर्त देतो. एशियाडच्या टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळते. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने 2014 च्या इंचॉनला सानियाबरोबर महिला दुहेरीत जे कांस्य मिळवले, त्यासाठी तिसऱ्या जागेचा सामना खेळावा लागला नाही. सोल आणि बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही तीच पद्धत होती. अटलांटाला बदलली, म्हणून पेसला आगासीकडून हरल्यावर पुन्हा उभे राहून, पहिला सेट गमावून, फर्नांडो मेलिजेनीला हरवावे लागले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर 44 वर्षांनी स्वतंत्र भारताला मिळालेले ते दुसरे वैयक्तिक पदक. त्या कांस्याशी इंचॉनच्या कांस्याची बरोबरी करायला मी जाणार नाही. 2004 च्या अथेन्समध्ये पेस-भूपती तिसऱ्या जागेचा सामना शेवटच्या सेटमध्ये 14-16 असे हरले आणि हात हलवत परतले. जुनी पद्धत असती तर ते कांस्य आपले होते. पण प्रार्थनाने पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाबरोबर खेळताना चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांना तिसऱ्या सेटमध्ये 7-5 पर्यंत झुंजवले, हेही त्याच खात्यात मांडायला हवे.

"दुहेरीच्या नादाने आपली एकेरी बुडाली," असेही काका म्हणतात. चीनकडे पाहा. अथेन्समध्ये त्यांच्या ली टिंग आणि सुन तियानतियान यांनी महिला दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा चीनची एकेरी कोणाच्या खिजगणतीत नव्हती. दोन वर्षांनी झेंग जिए आणि यान झी यांनी ग्रँड स्लॅमच्या दुहेरी घेतल्या. 2011 मध्ये ली ना फ्रेंच ओपनची एकेरी विजेती झाली. मग झेंग चिनवेन. दुहेरी ही त्यांची आत शिरायची वाट होती. आपल्याकडे वाट दिसली, पण पुढचा रस्ता कोणी बांधला नाही. एकेरीच्या खेळाडूला गुण मिळवायला देशोदेशी हिंडावे लागते. तिकीट, राहणे, प्रशिक्षक, सगळे खिशातून. जबलपुरात राज्याची तिरंदाजी अकादमी आली म्हणून मुस्कान घडली. टेनिससाठी तसे काही उभे राहावे म्हणून काकांनी दोन अर्ज लिहिले, तर सही करायला मी सर्वांत आधी येईन. एकेरी बुडाली याचा राग श्रीरामपूरच्या मुलीवर का?

आता शेवटी सगळा जमाखर्चच मांडतो, कारण काकांना आकडे आवडतात. एशियाडच्या टेनिसमध्ये भारताची एकूण सुवर्णे दहा. एकेरीचे एक, सोमदेवचे. सांघिक एक, हिरोशिमाचे. उरलेली आठ दुहेरीची: पाच पुरुष दुहेरीची आणि तीन मिश्र दुहेरीची. 2002 च्या बुसानपासून हांगझोऊपर्यंत सहा एशियाड झाली आणि त्यातले एकही दुहेरीच्या सुवर्णावाचून गेले नाही. मिश्र दुहेरीची तीन पाहा: 2006 मध्ये सानिया आणि पेस, 2014 मध्ये सानिया आणि साकेत मायनेनी, 2023 मध्ये ऋतुजा आणि बोपण्णा. भारतीय स्त्रीने एशियाडच्या टेनिसमध्ये जिंकलेली सगळी सुवर्णे ही एवढीच. मिश्र दुहेरी मोजायची नाही असे ठरवले, तर तो रकाना कोरा राहतो. काकांना तेच म्हणायचे असेल, तर त्यांनी भागाकाराच्या आडून न म्हणता ते सरळ म्हणावे. मग हा वाद टेनिसचा उरणार नाही आणि उत्तर द्यायला माझ्याआधी त्यांच्या घरातल्या नाती उभ्या राहतील.